वस्तादांच्या बाहुल्या

२५ सप्टेंबर, रविवार. अमावास्या.

हजेरी अकरा. जोर पाचशे (पोरांचे. माझे साठ, तेही गुडघ्यांची समजूत काढून). कुस्तीच्या हौद्यात ताक आणि तीळतेल घातलं, माती हाताला लोण्यासारखी लागते आहे.

ही वही तालमीची. हिच्यात आजवर जोर, बैठका आणि कोणी कोणाला कितव्या मिनिटाला चीत केलं एवढंच लिहिलं. घरचं आज पहिल्यांदा लिहितो आहे, कारण घरचं जिच्याशी बोलायचो ती माझी बायको चेलुवा गेल्या वर्षीच्या श्रावणात गेली. जायच्या आधी दोन दिवस माझं मनगट धरून म्हणाली, "बाहुल्या बंद पडू देऊ नका." मी म्हटलं, "नंजुंडय्याचा शब्द आहे." आमच्या म्हैसुरात नवरात्रभर घरोघर पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात. मागच्या दसऱ्याला घरात दुखवटा होता, बाहुल्यांच्या पेट्या उघडल्या नाहीत. उद्या प्रतिपदा. आता सबब नाही.

मुलगा महादेवा बसचा ड्रायव्हर, दसऱ्याच्या जादा गाड्यांवर आहे. सून सौभाग्या नर्स, तिच्या दोन-दोन पाळ्या. उरली नात पुट्टी, वय वर्षं दहा. तिला म्हटलं, "पेट्या उघड आणि बाहुल्या मांड."

"तात, तुम्ही मला हौद्यात घ्या, मी बाहुल्या मांडते."

हे ती मे महिन्यापासून म्हणते आहे. मी पुन्हा समजावलं, की हौदा पुरुषांचा, बाहुल्या बायकांच्या.

"असं कोणी सांगितलं?"

"हे काय सांगावं लागतं?"

"मग मी नाही मांडत." हात कमरेवर. अगदी आजीसारखी.

माझंही डोकं फिरलं. म्हणालो, "नको मांडूस. मी मांडतो." बोललो आणि जीभ चावली. पण वस्तादाच्या तोंडून निघालेला शब्द आत कसा घ्यायचा?

आणखी एक. हौद्याच्या कोपऱ्यातून आज पुन्हा वाटीभर माती चोरीला गेली. दर वर्षी दसऱ्याच्या आधी हे होतं. वरच्या गल्लीतल्या तालमीचा रुद्रप्पा आमची माती नेऊन आपल्या मातीत मिसळतो, हे मी पंधरा वर्षांपूर्वी त्याला भर मंडईत सुनावलं होतं. तेव्हापासून आम्ही फक्त टोमण्यांत बोलतो. या वेळी खड्ड्याशेजारी पंजे उमटलेत. लहान आहेत. रुद्रप्पाकडे हल्ली किरकोळ पोरं येतात, ते यावरूनही दिसतं.

पुट्टीची कोपरं लाल होती. विचारलं तर म्हणाली, गुलबक्षीच्या आळ्यात पडले. मुलींनी जरा जपून चालावं.

२६ सप्टेंबर, सोमवार.

मांडल्या!

पहाटे तालमीतले बाक आणून सात पायऱ्या केल्या, वर चेलुवाचं पांढरं धोतर अंथरलं. (धोतर माझंच, पण दसऱ्यात ते तिचं असायचं.) दार लावून घेतलं. बाहेर कोणी विचारलं तर सांगायचं ठरवलं होतं की कमरेत उसण भरली आहे. पहिल्या दोन पेट्यांत चाळीस बाहुल्या निघाल्या. एकेचाळीस वर्षं या बाहुल्या मी उंबऱ्यावरून ओझरत्या पाहिल्या. दसऱ्याच्या संध्याकाळी बायकांच्या, मी कुस्त्यांच्या फडावर. हातात घेतल्या त्या आज. काय एकेक चेहरा! मोरवाल्याचे डोळे तर असे की हा आता काहीतरी उधार मागेल.

मांडणी मी विचार करून केली. वजनाप्रमाणे. हलक्या खाली, जड वर, आणि सगळ्यांच्या जोड्या लावल्या, समोरासमोर. सगळ्यात वर रक्तचंदनाचे राजा-राणी, चेलुवाच्या माहेरून आलेले, एकमेकांकडे तोंड करून सलामीला उभे.

शेजारच्या जयलक्ष्मम्मा आरतीचं ताट घेऊन आल्या. चेलुवाची जिवाभावाची मैत्रीण. त्यांनी पाहिलं आणि दाराची चौकट धरून हसत सुटल्या. हसता हसता खाली बसल्या.

"पैलवान, अहो फड लावलाय का इथे? राजा-राणीनं आल्यागेल्याकडे बघायचं असतं."

"एकमेकांकडे बघितलं तर काय बिघडलं?"

"लग्नाला एकेचाळीस वर्षं झाल्यावर कोण बघतं हो एकमेकांकडे?"

मग त्यांनी आरतीचं ताट पायरीशी ठेवलं. थोड्या वेळानं मी राजा-राणी पुढे वळवले. पण जरा तिरकेच ठेवले. म्हटलं, इतकं चालेल.

२७ सप्टेंबर, मंगळवार.

शेट्टम्मा फार मळली होती. दुकानदार शेट्टीची ही बायको, दोघं तिसऱ्या पायरीवर डाळींचं दुकान मांडून बसतात. पोरांना घासतो तशी शिकेकाईनं घासली. नथीसकट नाक गेलं. माती ती, कळायला हवं होतं.

दुपारभर बसून भिजवलेल्या मातीचं नवं नाक केलं, झाडूच्या काडीनं नथ रंगवली. जयलक्ष्मम्मा म्हणाल्या, आधीपेक्षा बरं आहे. मी बरं म्हणणार नाही. उत्तम आहे. या हातांनी राज्यातले मल्ल लोळवले, पण काल-परवापर्यंत या हातांना नाक करता येतं हे मला ठाऊक नव्हतं.

पुट्टी दारात उभी राहून बघते. आत येत नाही. जिद्दीची आहे. जिद्द वाया चालली आहे, मुलगा असती तर.

२८ सप्टेंबर, बुधवार.

संध्याकाळी गल्लीतली मुलं दारात. "बाहुल्या मांडल्यात का हो?" मी दार उघडलं तेव्हा ती दोन पावलं मागे सरकली. सौभाग्यानं कामावर जाण्याआधी हरभऱ्याची उसळ करून ठेवली होती, ती द्रोणांतून दिली. खोबऱ्याच्या वड्या मी केल्या. वड्या पडल्या नाहीत, पण मुलांनी चमच्यानं खाल्ल्या.

बहिणीला पोचवायच्या निमित्तानं माझा पठ्ठा शिवू आला. पंचाहत्तर किलो वजन, जिल्ह्यात दुसरा. अर्धा तास शेट्टीच्या दुकानासमोरून हलेना. मग हळूच म्हणाला, "वस्ताद, लहानपणी मला यांना हात लावू द्यायचे नाहीत. तुझं काय काम, म्हणायचे." मी त्याला शेट्टीच्या वाट्यांत डाळी भरायला दिल्या. तूर सांडली की गोळा करायचा, पुन्हा भरायचा. इतका आनंदी तो जिल्ह्यात नंबर आला तेव्हाही नव्हता. उद्यापासून त्याच्या बैठका वाढवल्या पाहिजेत.

नेमका तेव्हा रुद्रप्पा दारावरून चालला होता. थांबला. "काय नंजुंडा! बांगड्या कुठल्या मापाच्या आणू?"

"माझ्या मनगटाच्या मिळाल्या तर आण. म्हैसुरात तरी मिळायच्या नाहीत."

मुलं हसली. तोही हसला. मग मी म्हटलं, "आणि येताना आमची माती परत आण."

त्याचं हसू गेलं. "पंधरा वर्षं झाली, अजून तेच? तुझी माती नेऊन मी काय चूल सारवू?" आणि निघून गेला.

त्यानं माझी खिल्ली उडवली, त्याचं मला काही वाटलं नाही. पूर्वी वाटलं असतं. आज सारखं मागे वळून पाहत होतो, की शेट्टम्माचं नाक नीट दिसतंय ना.

३० सप्टेंबर, शुक्रवार.

तिसरी पेटी आज उघडली. तळाशी पत्र्याचा डबा.

डब्यात आमची तालीम होती.

वीतभर लांबीची. पुठ्ठ्याच्या भिंती, भिंतीवर मारुतीचा कोनाडा, काडेपेटीएवढा नियमांचा फलक, दोन गदा, आणि पूर्वेच्या भिंतीला ती भेग, जी मी गेली नऊ वर्षं बुजवीन बुजवीन म्हणतो. हौद्याच्या काठावर मी बसलेला, मातीचा. मिशा काळ्या. माझ्या मिशा पांढऱ्या होऊन बारा वर्षं झाली, तिनं रंग बदलला नव्हता. हौद्यात दोन पैलवान, नागपट्टीच्या डावात गुंतलेले. डाव बरोबर आहे, पकडही बरोबर.

चेलुवा आमच्या तालमीत कधी आली नाही, हे सगळं मी घरी बोलायचो तेवढ्यावरून. बायकांनी यायचं नसतं म्हणून ती आली नाही, आणि मीही कधी ये म्हटलं नाही. दर वर्षी ती ही तालीम बाहुल्यांत मांडत असणार आणि मी फडावर फेटे बांधून घेत हिंडत असणार. मी रडलो. वही तालमीची आहे, पण लिहितो. रडलो.

आणखी एक बाहुली होती, कागदात गुंडाळलेली, न रंगवलेली. पैलवानच आहे, पण लहान चणीचा, शड्डू ठोकून उभा. पाठीवर दोन लांब शेपट्यांसारखं काहीतरी. मारुती करायचा असेल बिचारीला. शेवटी शेवटी हात थरथरायचे, एकाच्या दोन शेपट्या झाल्या. जयलक्ष्मम्मांना दाखवला. त्यांनी हातात धरून मागून-पुढून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. त्याला कुंकू लावून हौद्यात ठेवला. मारुतीला कुंकू कशाला?

पण खरी गोष्ट पुढेच आहे. डब्यात माती होती. लाल. हातात घेतली तर ओली. वास घेतला तर ताक आणि तीळतेल. चेलुवाला जाऊन वर्ष उलटलं आणि ही माती या आठवड्यातली!

पुट्टीला हाक मारली. ती आली, डबा पाहिला आणि ताठ उभी राहिली.

"ही माती कोणी आणली?"

"मी. अज्जी म्हणायची, आधी माती, मग बाहुल्या. तुम्ही पेट्या उघडायच्या आत आणून ठेवली."

"म्हणजे दर वर्षी?"

"मी सहा वर्षांची झाल्यापासून. त्याआधी अप्पा आणायचे."

माझा मुलगा. माझ्या घरात चोर, आणि मी पंधरा वर्षं रुद्रप्पाला.

"हौद्यात पाय ठेवलास?"

"पाय न ठेवता माती कशी काढणार, तात?"

"फक्त माती काढलीस?"

इथे ती पहिल्यांदा खाली बघायला लागली. "आणि जोर. तुम्ही दुपारी झोपता तेव्हा. रोज पन्नास."

पन्नास म्हणे! म्हटलं, घाल इथे, बघू दे. तिनं घातले. बावन्न. पाठ सरळ, कंबर कुठे पडली नाही, श्वास जागच्या जागी. शिवूची पाठ इतकी सरळ राहत नाही. हे वहीतच राहू दे, शिवूला सांगायचं नाही.

मी म्हटलं, "ऊठ. चोरी केलीस, शिक्षा होईल." ती म्हणाली, "बरं." घाबरली नाही. शिक्षा काय करायची ते मलाच ठाऊक नव्हतं.

२ ऑक्टोबर, रविवार.

रुद्रप्पाकडे गेलो. पंधरा वर्षांनी त्याच्या तालमीची पायरी चढलो. सगळ्या पोरांसमोर म्हणालो, "माती तू नेली नव्हतीस. माझ्याच घरात होती. माझं चुकलं." अशी वाक्यं गळ्यातून निघताना सोलून काढतात.

रुद्रप्पानं मला चटईवर बसवलं. मग त्यानं ताक मागवलं. पुट्टीचं सगळं ऐकून मांडीवर थाप मारत म्हणाला, "सहा वर्षांची असल्यापासून? आणि तुला पत्ता नाही? अरे, तू वस्ताद आहेस की देवळाबाहेरचा दगडी हत्ती?"

"हसू नकोस. मुलगी हौद्यात उतरली. आता काय करू?"

"मी असतो तर गप्प बसलो असतो. मातीला थोडंच कळतं कोण उतरलं? पण तू गप्प बसणारा नाहीस. तुला नियम लागतात. बघ बाबा तुझ्या नियमांत."

४ ऑक्टोबर, मंगळवार. नवमी, आयुधपूजा.

तालीम धुतली. गदा, व्यायामाचे लाकडी करेल, मल्लखांब, सगळ्यांना तेल-कुंकू. फलक मी स्वतः पुसला. माझ्या वस्तादांनी हातानं रंगवलेला, पाठ आहे म्हणून चाळीस वर्षांत वाचला नव्हता. आज चष्मा लावून वाचला.

सात नियम. दारू नको. बाहेर मारामारी नको. आंघोळीवाचून मातीत नको. पाचवा: विचारल्यावाचून माती नेणाऱ्यानं सबंध हौदा एकट्यानं खणून द्यावा. आणि सातव्यानंतर मारुतीचं चित्र.

बायका-मुलींबद्दल एक अक्षर नाही. मला वाटलं पुसलं गेलं असेल. फलक उतरवून मागची बाजूही पाहिली. तिथे फक्त पालीची अंडी.

म्हणजे चाळीस वर्षं मी जो नियम पाळला तो लिहिलेलाच नाही, आणि जो लिहिलेला आहे तो पाळायचा तर पुट्टीला हौद्यात उतरवावं लागतं. नियम म्हणजे नियम. मी काही माझ्या मनाचं करणारा माणूस नाही.

सौभाग्या पाळी संपवून आली, तिला सांगितलं. "उद्या पुट्टीला शिक्षा आहे. सबंध हौदा खणायचा."

"बरं, माव." आत गेली आणि चड्डी-बंडी घेऊन आली. जाड कापडाची, दुहेरी शिवण, नाडी मजबूत. पुट्टीच्या मापाची. "फ्रॉकवर खणता येणार नाही ना," म्हणाली. इतक्या झटपट कशी शिवली कोण जाणे. कापड दोन-तीनदा धुतलेलंही वाटलं. हुशार आहे सून.

५ ऑक्टोबर, बुधवार. दशमी.

आधी तालमीचं लिहितो.

हजेरी चौदा. पंधरावी पुट्टी. रुद्रप्पा आपली चार पोरं घेऊन आलेला. दारात सौभाग्या आणि जयलक्ष्मम्मा, उंबऱ्याबाहेर. जुन्यांपैकी चिक्कण्णा उठला. "वस्ताद, मुलीला हौद्यात? आजवर झालं नाही."

"चिक्कण्णा, तू तालमीत कधीपासून आहेस?"

"वीस वर्षं."

"फलक वाच. मोठ्यानं."

त्यानं वाचला. पाचव्याशी अडखळला, सातव्याशी थांबला, मारुतीकडे बघितलं. मी म्हटलं, "ही शिक्षा आहे, बक्षीस नव्हे. मुलगी आहे म्हणून शिक्षा माफ करू? उद्या तू चोरलीस तर तुलाही माफ करायची का?" तो बसला.

पुट्टीनं मातीला हात लावून तो कपाळाला लावला. कोणी शिकवलं नव्हतं. मग फावडं उचललं. तिच्या खांद्याइतकं उंच. पहिल्या दहा मिनिटांत वाटलं, सोडेल. अर्ध्या तासानं तळहाताला फोड आला, तिनं वेणीची रिबीन सोडून हाताला गुंडाळली आणि पुन्हा लागली. शिवू मदतीला उठला, मी डोळ्यांनी बसवला. "एकट्यानं" लिहिलं आहे. मी मात्र दोनदा अर्धा उठून पुन्हा बसलो.

दोन तास दहा मिनिटं. पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत, कोपरेसुद्धा. ढेकळं हातानं फोडली. शेवटचं फावडं टाकून ती सरळ झाली. केसांपासून टाचांपर्यंत लाल, फक्त डोळे पांढरे. हौदा खणणाऱ्याच्या माथ्यावर वस्तादानं माती ठेवायची असते, कोणीही असो. मी उतरलो. मूठभर माती तिच्या डोक्यावर ठेवली. तिनं वाकून नमस्कार केला, मागे सरली आणि शड्डू ठोकला. एवढीशी मांडी, पण आवाज भिंतीच्या भेगेत घुसून परत आला. माझ्या तालमीत इतका खणखणीत शड्डू फार वर्षांत ऐकला नव्हता. छाती भरून आली. कोणाला दिसू नये म्हणून मिशा पुसल्या.

रुद्रप्पानं विचारलं, "शिक्षा किती दिवस चालणार, वस्ताद?"

"हिला माती चोरायची सवय आहे. रोज यावं लागेल. पहाटे पाचला."

मग मी दाराकडे वळून म्हटलं, "सौभाग्या, जयलक्ष्मम्मा, उन्हात कशाला उभ्या? आत या की." दोघी एकमेकींकडे बघू लागल्या. मग उंबरा ओलांडून आल्या. जयलक्ष्मम्मांनी आधी ती भेग पाहिली आणि म्हणाल्या, "हीच का ती? चेलुवा म्हणायची, इतकी वर्षं सांगतेय पण ऐकत नाहीत."

संध्याकाळी बाहुल्या झोपवायच्या, मग पेट्यांत भरायच्या. राजा-राणी शेवटी. आज त्यांना समोरासमोर झोपवलं, जयलक्ष्मम्मांनीच वर कापड घातलं. पुट्टी हाताला हळद लावून बसली होती. घाबरत तिनं विचारलं, "तात, शब्द दिला होता ना मी. पुढच्या वर्षीपासून बाहुल्या मीच मांडायच्या का?"

"हात लावलास तर बघ. बाहुल्या माझ्या. तू फक्त माती आणायची. विचारून."

ती हसली आणि पाठमोरी होऊन डबा आणायला गेली. एक रिबीन हाताला बांधलेली होती, म्हणून एक वेणी सुटलेली, दुसरी घट्ट. पाठीवर दोन्ही लाल मातीनं माखलेल्या.

मी पुठ्ठ्याच्या तालमीतली ती लहान बाहुली उचलली आणि कितीतरी वेळ तिच्या पाठीकडे बघत बसलो. म्हातारा झालो आहे, डोळ्यांनी दगा दिला. मारुतीला दोन शेपट्या कुठून असणार?

चेलुवानं घडवून ठेवली होती. मला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी काय म्हणालो असतो ते तिला माहीत होतं.

शेट्टम्माच्या नथीच्या वेळचे रंग उरले होते. झाडूची काडी घेतली. चड्डी, बंडी, मग दोन्ही वेण्यांना लाल रिबिनी. बाकी सगळ्यांना झोपवलं, पेट्या बंद केल्या. ती अजून ओली आहे, म्हणून खिडकीत उभी ठेवली आहे.